वही बाजूला ठेवा, आधी आकाश बघा

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं नाशिकहून अडीच महिन्यांसाठी म्युनिकला लेकीकडे आलो आहोत. माझं वय ६४, यांचं ६९. लेक-जावई सोमवार ते शुक्रवार कामात असतात. आम्हाला एक दिवस दोघांनीच रेल्वेने आणि रोपवेने त्सुगस्पिट्झ शिखरावर जाऊन यायचं आहे. लेक म्हणते, ‘एकटे जाऊ नका, शनिवारी आम्ही नेतो.’ पण शनिवार आला की कधी पाऊस, कधी जावयांचं काम. यांनी मात्र वहीत सगळं आखून ठेवलंय : येत्या बुधवारी सकाळी निघायचं, शिखर बघायचं आणि येताना नॉयश्वानस्टाइनचा राजवाडाही करायचा. तिकीट आजच काढून टाकू म्हणतात. यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझे गुडघे कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर त्या लोंबत्या पाळण्याची मला धडकी भरते. आम्ही शाकाहारी, जर्मन भाषेचं एक अक्षर येत नाही. जावं का? आणि लेकीला काय सांगावं?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, जा. दोघंच जा, आणि शनिवारची वाट बघू नका. उन्हाळ्यातल्या शनिवारी म्युनिकहून डोंगराकडे जाणाऱ्या गाड्या सायकली, बाबागाड्या आणि पाठपिशव्यांनी भरलेल्या असतात. बसायला जागा मिळवण्यातच निम्मी हौस फिटते. मधला वार तुमच्यासाठीच आहे.

अडचण आहे ती तुमच्या यजमानांच्या वहीत. त्यातल्या दोन ओळी आधी खोडायला लागतील.

पहिली ओळ राजवाड्याची. नॉयश्वानस्टाइन फ्युसेनजवळ आहे, म्हणजे म्युनिकहून वेगळ्याच रेल्वेमार्गावर, आणि फ्युसेनहून पुढे बस. आत जायला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं; ती वेळ हुकली की आत सोडत नाहीत. डोंगरावरून उतरून धावतपळत तिथे पोचण्याचा विचारसुद्धा करू नका. उलट त्या राजवाड्याचं तिकीट खुशाल आधी काढा आणि त्याला तो बुधवार देऊन टाका. पाऊस पडला तरी राजवाडा दिसतोच.

दुसरी ओळ म्हणजे शिखरासाठी ठरवलेली तारीख. त्सुगस्पिट्झ २९६२ मीटर उंच, जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर. आकाश मोकळं असेल तर वरून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली अशा चार देशांतले डोंगर दिसतात. ढग असेल तर समोरचा कठडा दिसतो. तिकीट दोन्ही दिवशी तेवढंच, उन्हाळ्यात माणशी सत्तर युरोंच्या वर. टूरबरोबर येणाऱ्या माणसाला पर्याय नसतो; त्याचा मंगळवार शिखराचा तर मंगळवारीच शिखर, मग वर धुकं असो की गारा. तुमच्या हातात अडीच महिने आहेत. ही चैन वापरा. तिकीट आज काढू नका, उद्याही काढू नका.

त्याऐवजी असं करा. जाण्याची सगळी तयारी एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. रोज संध्याकाळी जेवणाआधी दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज बघा, पण म्युनिकचा नव्हे, शिखराचा. तीन गोष्टी बघायच्या : ढग, वारा आणि दुपारनंतर विजांचा पाऊस आहे का. उन्हाळ्यात आल्प्समध्ये सकाळ लख्ख आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट हे नेहमीचं आहे, म्हणून ‘दुपारनंतर वादळी पाऊस’ असं लिहिलेलं असेल तर लवकर जाऊन लवकर उतरायचं, किंवा तो दिवस सोडायचा. अंदाज बरा दिसला की लेकीला सांगायचं, उद्या जातोय. सकाळी उठल्यावर डोंगरगाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर शिखरावरचे कॅमेरे बघायचे. त्या क्षणी वर काय दिसतंय ते थेट दिसतं. कोणता रोपवे चालू आहे, कोणता बंद, तेही तिथेच कळतं. कॅमेऱ्यात निळं आकाश असेल तरच घराबाहेर पडायचं. नसेल तर चहा घ्या आणि पेपर वाचा.

म्युनिकला ढगाळ म्हणजे वरही ढगाळ, असं धरून चालू नका. कधी ढगांचा थर खालीच राहतो आणि शिखर उन्हात असतं. शरद ऋतूत हे जास्त होतं, पण उन्हाळ्याच्या सकाळीही कधीमधी दिसतं. याच्या उलटही एक फसवा दिवस असतो. एखाद्या सकाळी लेकीच्या खिडकीतून डोंगर हात लावावा इतके जवळ दिसतील, कडेकपारी मोजता येतील. बहुतेक वेळा तो फ्योनचा दिवस असतो. फ्योन म्हणजे दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून खाली उतरणारा कोरडा, गरम वारा. हवा आरशासारखी स्वच्छ होते, म्युनिकमधल्या निम्म्या लोकांचं डोकं दुखायला लागतं (निदान ते तसं सांगतात), आणि शिखरावर वारा इतका सुटतो की रोपवे थांबवावा लागतो. म्हणून नुसतं खिडकीतून बघून निघू नका. वाऱ्याचा आकडा आणि रोपवेची स्थिती, दोन्ही बघा.

आता गाडी. म्युनिकच्या मुख्य स्थानकातून गार्मिश-पार्टेनकिर्शेनला साधारण तासाला एक प्रादेशिक गाडी आहे आणि प्रवास दीड तासाच्या आतला आहे. या गाड्या बहुतेक वेळा मोठ्या मंडपाखालून सुटत नाहीत. २७ ते ३६ क्रमांकांचे फलाट स्थानकाच्या एका बाजूच्या वेगळ्या भागात आहेत, तिकडून सुटतात, आणि तिथवर चालायला गुडघ्यांना पाच-सात मिनिटं जास्त द्या. डब्यावरच्या पाटीकडे लक्ष असू द्या. काही गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होऊन दुसऱ्या गावाला जातात. पुढच्या डब्यात बसलेला गार्मिशला आणि मागचा भलतीकडे, असं होऊ शकतं. आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपमध्ये तुमची गाडी शोधून ठेवा. तिथे एस-ई-व्ही अशी अक्षरं दिसली तर त्या दिवशी रुळांचं काम चालू आहे आणि मधला टप्पा बसने करायचा आहे. बस सोपी असते, पण वेळ खाते, आणि अशा दिवशी शिखराचा बेत मी तरी करणार नाही.

तिकिटाचे दोन मार्ग. बायर्न-तिकीट नावाचं एक दिवसाचं तिकीट आहे, पाच माणसांपर्यंत एकत्र काढता येतं आणि बव्हेरिया राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांत चालतं. अट एवढीच की सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. त्यावर प्रवाशांची नावं लिहायची असतात आणि तिकीट तपासनीस ओळखपत्र मागतो, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे डॉइचलांड-तिकीट, महिन्याचा पास. अडीच महिने राहणाऱ्यांना लेकीने तो आधीच काढून दिला असण्याची शक्यता आहे. त्याला नऊची अट नाही. तो वर्गणीसारखा दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. परत जायच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायला लेकीला सांगा, नाहीतर तुम्ही नाशिकला आणि पैसे म्युनिकमध्ये कापले जातील. दोन्ही तिकिटं वेगवान पांढऱ्या गाड्यांत चालत नाहीत आणि दोन्ही शिखरापर्यंत नेत नाहीत. शिखराचं तिकीट गार्मिशला वेगळं काढायचं.

पास असेल तर सकाळी सात-साडेसातच्या सुमाराची गाडी धरा. पास नसेल तर नऊनंतरच्या पहिल्या गाडीने गेलात तरी दिवस पुरतो, फक्त वर पोचेपर्यंत साडेबारा वाजतात आणि दुपारचे ढग जमायला लागलेले असतात. दोघांचं साधं तिकीट काढून लवकर जायचं झालं तर चार पैसे जास्त जातील. सत्तर-सत्तर युरोंचं शिखर बघायचं असताना ते वाचवण्यात मला तरी हशील दिसत नाही.

गार्मिशला उतरलात की भुयारी रस्त्याने रुळांच्या पलीकडच्या बाजूला जा. डोंगरगाडीचं छोटं स्थानक तिथेच आहे. खिडकीवर ‘त्सुगस्पिट्झ’ एवढंच म्हणालात तरी काम होतं. खिडकीवरच्या माणसांना इंग्रजी येतं. मिळणाऱ्या तिकिटात वर जाण्याची डोंगरगाडी, वरचा छोटा रोपवे आणि खाली येणारा मोठा रोपवे असं सगळं असतं. कशाने चढायचं, कशाने उतरायचं हे आपल्या मर्जीवर.

चढताना गाडी, उतरताना रोपवे. याचा क्रम उलटा करू नका. बहुतेक माणसं मोटारीने थेट आयब्झे तळ्याच्या काठी येऊन रोपवेने वर जातात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहानंतर खालच्या रांगा लांबतात. गाडीने चढणाऱ्याला ती रांगच लागत नाही. दुसरं म्हणजे ही गाडी स्वतःच बघण्यासारखी आहे. १९३० साली हा मार्ग पुरा झाला. ग्रायनाऊ गावापर्यंत ती साध्या गाडीसारखी गवताळ कुरणांतून धावते (तिथे कधीकधी गाडी बदलावी लागते, सगळे उतरले की तुम्हीही उतरा), आणि तिथून पुढे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. गाडीखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत-अडकत चढतं. वणीच्या गडावर सप्तशृंगीला तुम्ही फनिक्युलरने गेला असाल. तिथे दोर ओढतो, इथे गाडी आपल्याच दातांनी डोंगर धरून चढते. आयब्झे आणि रिफेलरिस ही ठाणी गेली की झाडं संपतात आणि बोगदा लागतो. साडेचार किलोमीटर अंधार. या बोगद्यात काही बघायचं नाही, तेव्हा पुऱ्या इथे खाऊन घ्या. गार्मिशहून सगळा मिळून सव्वा तास लागतो आणि गाडी तुम्हाला २६०० मीटरवरच्या पठारावर सोडते.

तिथे अर्धा तास बसा. लगेच शिखराकडे धावू नका. समोर नॉर्दर्न श्नेफेर्नर या हिमनदीचा उरलेला भाग आहे. ‘उरलेला’ म्हणते, कारण शेजारच्या सदर्न श्नेफेर्नरला हिमनदी म्हणणंच शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये थांबवलं, इतका तो वितळला. पठारावर एक चिमुकलं चर्च आहे, देशातलं सर्वांत उंचावरचं. १९८१ साली त्याचं पवित्रीकरण तेव्हाचे म्युनिकचे आर्चबिशप योझेफ राट्झिंगर यांनी केलं, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. उन्हाळ्यातही इथे जागोजागी बर्फ साठलेला असतो. नातवंडांना पाठवायला फोटो इथेच काढा, कारण पाय ठेवता येईल असा बर्फ वर शिखरावर मिळेलच असं नाही. चप्पल-सँडल नको, पकड असलेले बूट हवेत.

या अर्ध्या तासात यजमानांचं डोकं ठणकतंय का, धाप लागतेय का, तेही कळतं. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. गोळीने आटोक्यात असलेल्या रक्तदाबाची पुष्कळ माणसं वर जाऊन येतात, पण विचारल्याशिवाय जाऊ नका. नाशिकच्या तुमच्या डॉक्टरांना फोन करून नेमकी उंची सांगा, ‘तीन हजार मीटर, तीन तास’. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, एक जिना चढून दम लागत असेल, तर हा बेत नकोच. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन आत वायू भरलेला असेल तर मुळीच नको. दाब कमी झाला की तो वायू फुगतो. हे सगळं नसेल तर सकाळची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, पाणी पीत राहा, वर बिअर नको, आणि चालण्याचा वेग देवळातल्या प्रदक्षिणेइतका ठेवा. उंचीचा खरा त्रास बहुधा काही तासांनी सुरू होतो, तोवर तुम्ही खाली आलेल्या असता. तरीही डोकं जोरात दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा. अडचणीत ११२ हा क्रमांक.

डॉक्टरांनी ‘तीन हजार नको’ म्हटलं तरी हिरमुसू नका. गार्मिशलाच वांक नावाचा १७८० मीटरचा गवताळ, उन्हाचा डोंगर आहे, छोट्या पाळण्यांनी वर जाता येतं आणि त्सुगस्पिट्झ समोर दिसतं. खरं तर शिखर बघायचं तर ते समोरूनच जास्त चांगलं दिसतं.

आता तुमची धडकी. पठारावरून शिखरावर जाणारा छोटा रोपवे चार-पाच मिनिटांचा आहे. तो तुमची परीक्षा समजा. त्यात बसून बघा. जमलं तर उतरताना मोठ्यात बसा, नाही जमलं तर त्याच छोट्याने पठारावर परत या आणि गाडीने खाली जा. त्यासाठी निराळं तिकीट लागत नाही, आणि कुणी हसत नाही. गाडीने चढा म्हणते त्याचं हेही एक कारण : भीतीचा निर्णय वर गेल्यावर, शिखर बघून झाल्यावर घ्यायचा, सकाळी रांगेत उभं राहून नव्हे.

मोठा रोपवे २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाला. तो एका दमात १९४५ मीटर उंची उतरतो, दहा मिनिटांत. पूर्ण मार्गावर आधाराचा मनोरा एकच, १२७ मीटर उंच पोलादी. त्या मनोऱ्यापासून वरच्या स्थानकापर्यंत ३२१३ मीटर दोर मध्ये कशालाही न टेकता जातो. हे आकडे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. हेलकावा कुठे येतो ते त्यावरून समजतं. पाळणा हलतो तो मनोऱ्यावरून जाताना. मनोरा एकच, तोही खालच्या अंगाला, म्हणजे उतरताना बराच वेळ पाळणा सरळ सरकत राहतो आणि शेवटाकडे एकदाच पोटात गोळा येतो. त्या वेळी सगळे एकसुरात ‘ओऽऽ’ करतात, तुम्हीही करा. पाळणा मोठा आहे, १२० माणसांचा, भिंती काचेच्या. काचेशी उभं राहायचा आग्रह यजमानांना करू द्या. तुम्ही मधोमध, दांड्याला धरून, डोंगराकडे तोंड करून उभ्या राहा. कान दडतात, म्हणून तोंडात लिमलेटची गोळी ठेवा आणि गिळत राहा. सर्दीने नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी मात्र रोपवेच्या ऐवजी गाडीच बरी, कान फार दुखतात.

शिखरावर दोन तास पुरे. वेगवेगळ्या पातळ्यांवर गच्च्या आहेत, लिफ्ट आहेत, आडोशाला बसायला जागा आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियाची सीमा शिखरावरूनच जाते, तुम्ही गच्चीवरून चालत ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात जाऊन येऊ शकता आणि शेंगेन व्हिसावर त्याने काही फरक पडत नाही. फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूलाही एक रोपवे आहे, तो एरवाल्डकडे उतरतो. गर्दीबरोबर वाहत जाऊन त्यात बसलात तर भलत्याच खोऱ्यात पोचाल. उतरताना दारावर ‘आयब्झे’ लिहिलंय ना, बघून घ्या.

खरा माथा, सोनेरी क्रूस असलेला, गच्चीपासून थोडा पलीकडे आहे. १८२० साली योझेफ नाउस हा बव्हेरियन लेफ्टनंट मोजणीच्या कामावर असताना तिथे पोचला, ती पहिली नोंदवलेली चढाई. आज तिथे जायला लोखंडी शिडी आणि दोर आहेत. तुम्ही रबरी बूट घातलेली तरुण मुलं तिथे सरसर जाताना बघाल आणि यजमानांचे पाय शिवशिवतील. नाही म्हणायचं. दोन्ही बाजूंना दरी आहे, आणि क्रुसाचा सर्वांत चांगला फोटो गच्चीतूनच येतो.

कपड्यांचं गणित सोपं आहे : दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश कमी. म्युनिकला २८ असेल तर वर दहा-बारा, आणि वारा सुटला की त्याहून बोचरं. नाशिकहून आणलेला स्वेटर पुरणार नाही. त्यावर वारा अडवणारं जॅकेट लागतं. ते विकत घेऊ नका, लेकीच्या कपाटात दोन तरी असतील. कानटोपी, गॉगल, उन्हाचं क्रीम. बर्फावरून परतलेलं ऊन खालून तोंड भाजतं.

खायचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही. केझश्पेत्सले म्हणजे चीज घातलेल्या आणि वर तळलेला कांदा पसरलेल्या पिठाच्या गोळ्या. यात अंडं असतं. कायझरश्मारन हा गोड पदार्थ, त्यातही अंडं. अंडं चालत नसेल तर बटाट्याचे काप आणि ब्रेत्सेल (वेटोळ्याचा खारट पाव) एवढ्यावर भागवावं लागेल. सूप शाकाहारी दिसलं तरी मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या. मी तर दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमधला चहा न्यावा या मताची आहे. फक्त घरचा डबा उपाहारगृहाच्या टेबलावर उघडू नका, बाहेरच्या बाकावर बसा. पलीकडे कुणीतरी स्वतःचं सँडविच उघडून बसलेलंच असतं.

वर गेल्या-गेल्या एक काम करा : शेवटची उतरती फेरी किती वाजता, ते फलकावर वाचून ठेवा. ‘लेत्स्टे टालफार्ट’ असं लिहिलेलं असतं. ही वेळ संध्याकाळ व्हायच्या आतच असते आणि त्याआधीच्या तासाला सगळ्यांनाच घाई असते. तुम्ही दोन-अडीचला उतरायला लागा. रोपवे खाली थेट आयब्झे तळ्यापाशी येतो, आणि खरं सांगू? माझ्या मते तुम्हाला सगळ्यात जास्त आठवत राहील ते हे तळं. काही हजार वर्षांपूर्वी त्सुगस्पिट्झचाच एक मोठा कडा कोसळला, त्याच्या ढिगाऱ्यात हे तयार झालं. मधली झाडं असलेली बेटं म्हणजे त्याच दगडांचे माथे. पाणी हिरवं-निळं आणि इतकं नितळ की तळाचे धोंडे दिसतात. पूर्ण फेरी साडेसात किलोमीटर, दोन तास. तुमच्या गुडघ्यांनी ती करू नका. काठाने वीस मिनिटं जा, एखादा बाक पकडा, यजमानांना पुढे जाऊन येऊ द्या. मग आयब्झेच्या स्थानकावरून डोंगरगाडीने गार्मिश आणि पुढे म्युनिक. गार्मिशला ठरलेली गाडी चुकली तरी तासाभराने दुसरी असते, म्हणून वहीत परतीची गाडी एकच लिहू नका, दोन लिहा. जर्मन गाड्या वेळेवर असतात हे आपल्याकडे अजून सांगितलं जातं. इथले लोक ते ऐकून हसतात.

निघालात आणि अर्ध्या वाटेत हवा फिरली तर? गार्मिशला पोचेपर्यंत शिखराचं तिकीट काढलेलंच नसेल, म्हणजे गेलं काहीच नाही. परतीच्या मार्गावर मुर्नाऊला उतरा. गाबरिएले म्युन्टर आणि वासिली कान्डिन्स्की हे दोघे चित्रकार १९०९ पासून जिथे राहिले ते घर तिथे बघता येतं, गावचा मुख्य रस्ता रंगीत घरांचा आहे आणि केक चांगला मिळतो. पावसाळी दिवस छान जातो.

आता लेक. ती तुम्हाला अडवते कारण तिच्या डोळ्यांसमोर तुम्ही परक्या स्थानकावर भांबावून उभे आहात. ‘आम्ही काय लहान आहोत का?’ म्हणून ते चित्र पुसलं जाणार नाही, माहितीने पुसलं जाईल. आदल्या संध्याकाळी तिला परवानगी मागू नका, बेत सांगा : अमुक गाडीने जातो, गार्मिश, पठार आणि आयब्झे या तीन ठिकाणांहून निरोप पाठवतो, अमुक गाडीने परत येतो, ती चुकली तर पुढची. बोगद्यात फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या अर्ध्या तासात ती ऑफिसात बसून घामाघूम होईल. तिला एक काम द्या, म्हणजे तिलाही बरं वाटेल. सकाळी वरचे कॅमेरे तिनेही बघावेत आणि जा की नको ते सांगावं. आणि डॉक्टरांशी बोलणं झालंय हे तिला आवर्जून कळू द्या, तिची निम्मी काळजी तीच असते.

यजमानांची वही फेकू नका हं. त्यात बुधवारच्या जागी एवढंच लिहायला सांगा : ‘पहिला स्वच्छ, कमी वाऱ्याचा, कामाचा वार’. गाड्यांच्या वेळा, फलाट, दोन्ही परतीच्या गाड्या, डॉक्टरांचा नंबर, लेकीचा पत्ता जर्मन अक्षरांत, सगळं त्यात असू द्या, कारण थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी मात्र पाठपिशवीच्या तळाशी नको, त्यांच्या जॅकेटच्या खिशात.